ग्रॅव्हिटीचा आकडा हुकतो तेव्हा

तीन किलो कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, वीस लिटर वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी. ब्रिटनमध्ये घरी पहिल्यांदाच बिअर करणाऱ्याचा हिशेब सरळ असतो: ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता, १.०५५ च्या आसपास यायला हवी. ती मोजणारा हायड्रोमीटर मात्र १.०३८ दाखवतो. नवखा घाबरतो आणि भांड्यात साखर ओततो.

ती साखर बहुतेक वेळा नकोच असते. एक्स्ट्रॅक्ट वजन करून घातलेलं आहे, पाण्याचं माप बरोबर आहे. मग त्यातली शर्करा जाईल कुठे? घरी बहुतेक जण थोड्या पाण्यात एक्स्ट्रॅक्ट उकळतात आणि गार पाण्याने माप पुरं करतात. जड वर्ट तळाशी बसतो, पाणी वर राहतं. वरून घेतलेला नमुना हलका भरतो, तळाच्या तोटीतून घेतलेला जड. त्यात तापमानाची भर: २० अंश सेल्सिअसवर बेतलेला हायड्रोमीटर ४० अंशांच्या वर्टमध्ये साधारण ०.००६ ने कमी दाखवतो.

म्हणून आधी वर्ट गार करावा, मग दणकून ढवळावा आणि पुन्हा मोजावं. ढवळताना मिसळलेली हवा यीस्टलाही लागतेच. मापकाचाच संशय आला तर तो २० अंशांच्या शुद्ध पाण्यात सोडून पाहावा. तिथे त्याने १.००० दाखवायला हवं. धान्यापासून वर्ट काढणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा कमी आकडा खराही असू शकतो, कारण दाण्यातली शर्करा पूर्ण उतरलेलीच नसते.

या आकड्यावर ब्रिटनमध्ये एके काळी सरकारचा महसूल ठरत असे. जॉन रिचर्डसनने १७८४ मध्ये ब्रुअरना वर्ट मोजायची रीत पुस्तकातून शिकवली. १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढला आणि तो वर्टच्या ग्रॅव्हिटीवर बसवला. ती पद्धत १९९३ पर्यंत चालली.

आंबवणं संपल्यावरचा शेवटचा आकडा हुकला तर मात्र हिशेबाच्या भरवशावर राहता येत नाही. १.०१२ अपेक्षित असताना आकडा १.०२० वर अडला, तर आधी नमुन्यातला वायू घालवावा. मापकाला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात. हायड्रोमीटरऐवजी रिफ्रॅक्टोमीटर वापरला असेल तर अल्कोहोलमुळे त्याचं वाचन फुगतं, ते दुरुस्त करावं लागतं. तरीही १.०२० च असेल तर भांडं थोडं उबेला न्यावं, हवा न मिसळता हलकेच घुसळून तळाचं यीस्ट उठवावं आणि थांबावं.

इथे घाई खरोखर धोक्याची आहे. बंद बाटलीत ग्रॅव्हिटी आणखी ०.००४ उतरली तरी एरवी बिअर फसफसायला जेवढा वायू लागतो, जवळपास तेवढा तयार होतो. त्यात बाटली भरताना घातलेल्या साखरेचा वायू मिळाला की काच फुटू शकते.

एवढं करूनही काही दिवसांच्या अंतराने आकडा हललाच नाही, तर बहुधा त्या एक्स्ट्रॅक्टमध्ये यीस्टला न पचणारी शर्कराच जास्त आहे. मग बाटल्या भरायला हरकत नसते. बिअर थोडी गोडसर, अंगाने भरलेली होते, अल्कोहोल ५.६ ऐवजी ४.६ टक्क्यांच्या आसपास राहतं.