आत्याचं देणं

माझं आडनाव ऐकून माझा धर्म कुणाला कळत नाही. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांचं असंच आहे. धर्म बदलला, आडनावं तीच राहिली. पुण्यात शाळेत नोकरी लागली तेव्हा मी या आडनावाच्या आड बसले. नाताळला रजा टाकताना ‘गावी जाते’ एवढंच सांगायची. डबा उघडताना प्रार्थना करायची ती मनातल्या मनात, डोळे उघडे ठेवून. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात, त्यामुळे ‘रविवारी देवळात गेले होते’ हे वाक्य खोटंही नसायचं. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मैत्रिणीला अकरा वर्षं ठाऊक नव्हतं की माझं देऊळ कोणतं.

यातून मला सोडवलं ते आत्याने.

आत्या नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका होती. ज्ञानेश्वरी ज्या भूमीत सांगितली गेली, तिथलं हे गाव. आषाढीच्या आधी दिंडी दारावरून जायची. आत्या ओट्यावर पाण्याचे माठ भरून ठेवायची, गूळ-शेंगदाण्याचं ताट मांडायची. कुणी विचारलं, “माउली, तुम्ही कोण?” तर ती सरळ सांगायची, “आम्ही येशूची माणसं.” ऐकून एखादा वारकरी तांब्या तसाच खाली ठेवायचा. आत्या त्याला समोरच्या सरकारी हापशापर्यंत घेऊन जायची आणि हापसा मारायला शेजारच्या पोराला हाक मारायची, स्वतः दांड्याला हात लावायची नाही. मला ते फार लागायचं. तिच्या चेहऱ्यावर मात्र मी कधी कडवटपणा पाहिला नाही. बहुतेक जण पाणी पिऊन, तिच्या पाया पडून पुढे जायचे, हेही सांगायला हवं.

सुट्टीत दुपारी ती आम्हा भाचरांना लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’, वाचून दाखवायची. लक्ष्मीबाईंचे यजमान रेव्हरंड टिळक, त्यांच्यावर तिची अपार भक्ती. तुकारामांचा हात धरून ख्रिस्ताकडे गेलेला हा माणूस. त्यांचीच गीतं आम्ही दर रविवारी गातो. पण एका जागी ती चष्मा काढून थांबायची. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंना ती बातमी नंतर कळली. “एवढा मोठा माणूस,” आत्या म्हणायची, “पण घरात आधी सांगायला पाहिजे होतं. बाईला किती सोसावं लागलं!” नवरा-बायको काही वर्षं वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतः विचार करून, जातिभेद माणसानेच केलेला आहे हे मनाला पटल्यावर. आत्याला त्या पुस्तकातलं हेच सगळ्यांत प्रिय होतं. बाईला कुणी ओढून नेलं नाही, हे ती दोनदा सांगायची.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आत्या माझ्याकडे पुण्याला आली. त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीचे यजमान अतिदक्षता विभागात होते. तरीही ती आत्याला बघायला केळी घेऊन आली, खुर्चीवर टेकली आणि रडायलाच लागली. आत्याच्या डोळ्यावर हिरवी पट्टी. ती चाचपडत तिच्याजवळ सरकली आणि म्हणाली, “बाई, मी माझ्या देवापाशी तुमच्या मालकांसाठी बोलू का? नको वाटत असेल तर नको म्हणा, मला राग यायचा नाही.”

मैत्रिणीने मान हलवली. मी स्वयंपाकघराच्या दारात शरमून उभी.

आत्या मोठ्याने बोलू लागली. साधं, रोजच्या मराठीतलं बोलणं, जणू घरातल्या वडीलधाऱ्यापाशी गाऱ्हाणं घालावं तसं. बरं होईल असं वचन तिने दिलं नाही. त्यांच्या छातीतला त्रास कमी कर, या बाईला रात्रीची झोप दे, हिच्या पोरांना धीर दे, इतकंच मागितलं. आमेन म्हणून झाल्यावर मला चहा टाकायला सांगितला.

चार दिवसांनी शिक्षककक्षात मैत्रीण माझ्याकडे वळली. “अकरा वर्षं शेजारी बसलीस. माझे वडील गेले, सासूबाई अंथरुणाला खिळल्या. तुझ्यापाशी हे होतं आणि मला एकदाही सांगितलं नाहीस?”

मी ज्याला सभ्यपणा समजत होते, तो तिला परकेपणा वाटला होता. त्या दिवशी डबा उघडल्यावर मी डोळे मिटले. ती माझं होईपर्यंत घास हातात धरून थांबली.

तिचे यजमान वाचले नाहीत. सव्वा महिन्याने गेले. ती आजही आळंदीला जाते, आणि तिने ते सोडावं असं माझ्या मनातही येत नाही. पैशाचं, नोकरीचं, दुखणं जाण्याचं आमिष दाखवून जे श्रद्धा वाटत फिरतात, त्यांनी आमचं फार नुकसान केलं आहे. त्यांच्यामुळे सरळ बोलणाऱ्याकडेही लोक संशयाने बघतात. म्हणून गप्प बसावं, असं मात्र मला आता वाटत नाही. आत्यासारखं आधी विचारावं. समोरचा नको म्हणाला तर हापशापर्यंत सोबत जावं.

घरात बोलणं जास्त कठीण गेलं. मुलगा बंगळुरूला नोकरीला गेला आणि त्याचं देवळात जाणं सुटलं. आधी मी फोनवर रागवायची. मग आत्याचं ते चष्मा काढून थांबणं आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत तो आला तेव्हा मी त्याला माझ्या त्या अकरा वर्षांबद्दल सांगितलं, सगळं, आडनावासकट. तो रात्री उशिरापर्यंत ऐकत बसला. देवळात तो अजून जात नाही. पण ‘स्मृतिचित्रे’ची आत्याची प्रत माझ्याकडून मागून घेऊन गेला आहे.

आत्याला जाऊन आता तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या सुनेचं ऑपरेशन होतं. पहाटे पाचला तिचा फोन आला. “आत्या नाहीत, आता तूच कर.”

मी केली. फोनवर, मोठ्याने.