'खुसखुशीत' शब्दाचे कूळ

मराठीतील पुष्कळ शब्दांनी आपली वंशावळ संस्कृताच्या दप्तरी नोंदवून ठेवली आहे. 'मऊ' या शब्दास 'मृदु'चा आणि 'लोणी' या शब्दास 'नवनीता'चा दाखला सहज मिळतो. 'खुसखुशीत' हा शब्द मात्र अशी कोणतीही सनद घेऊन आलेला नाही. पदार्थ दाताखाली मोडताना जो अस्फुट, उमटताच विरणारा नाद कानी येतो, त्याच्याच अनुकरणातून तो घडला. आणि ज्याचे प्रमाण प्रत्येक घासागणिक नव्याने मिळते, त्या शब्दाला मी अकुलीन मानावयास तयार नाही.

नेर परसोपंतच्या मुलखात, किंबहुना साऱ्या वऱ्हाडात, रोडग्यांचा स्वयंपाक मांडला म्हणजे या शब्दाचा खरा कस लागतो. कणीक मुद्दाम जाडसर दळलेली असते. तीत ओवा, मीठ आणि तेलाचे मोहन घालून ती कोरडीच चोळतात, आणि मुठीत दाबताच मुटका वळला की मोहन बेताचे पडले असे समजण्याचा शिरस्ता आहे. गव्हाच्या पिठास पाणी लागले की त्यातील प्रथिने परस्परांस धरून चिवट जाळे विणू लागतात. परंतु कणांवर आधीच स्निग्ध लेप बसला असेल, तर ते जाळे अपुरे राहते. मग तेल लावून पदर रचलेले ते गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजून, राख झटकून, वांग्याच्या भाजीशेजारी फोडले जातात, तेव्हा वरचे कवच अंगठ्याच्या दाबासरशी मोडते आणि आतल्या पदरांत तूप उतरते.

कुरकुरीत पदार्थ मोठ्याने मोडतो, ठिसूळ वस्तू हाताळतानाच तुटते, आणि 'भुसभुशीत' हा तर मुख्यतः काळ्या रानातला, नांगरटीनंतरच्या ढेकळांचा शब्द. खुसखुशीत जिन्नस तोंडात जाईपर्यंत अभंग राहतो आणि तेथे विरोध करीत नाही. ज्वारीच्या पिठात तसले चिवट जाळे धरतच नाही, म्हणून भाकरीस मोहनाची गरज पडत नाही. आणि भाकरी कितीही उत्तम साधली, तरी आमच्याकडील बाया तिला मऊ म्हणतील, खरपूस म्हणतील, पण खुसखुशीत म्हणणार नाहीत. हा भेद त्यांना कोणत्याही वैयाकरणाने घालून दिलेला नाही.