काय? काय-स्क्वेअर!

मंडळी, ह्या चाचणीचं मराठीत एक बरं आहे. नुसतं नाव घेतलं की समोरचा "काय?" विचारतो आणि आपल्याला वाटतं त्याला रस आहे :-) एम-फोरच्या लेक्चरला मागच्या बाकांवर हा विनोद किती वेळा झाला असेल, देव जाणे. परीक्षेत मात्र तक्त्यात ३.८४१ शोधायचा, आपलं उत्तर त्याहून मोठं आलं की 'एच-नॉट रिजेक्टेड' लिहायचं आणि मार्क पदरात पाडून घ्यायचे. पी-व्हॅल्यू म्हणजे नक्की काय, हे न कळताही पास होता येत होतं.

ह्या बयेची परत गाठ पडली ती माहुलमुळे.

आमच्या ऑफिसात चहाचं बघणाऱ्या मावशी माहुलच्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत राहतात. तानसा पाइपलाइनलगतची घरं तुटली तेव्हा विद्याविहार-घाटकोपरकडची कितीतरी कुटुंबं तिथे धाडली गेली. शेजार कोणाचा? तर रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्या. २०१३ साली केईएम रुग्णालयाने माहुल आणि आंबापाडा गावांत पाहणी केली, त्यात ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचं सांगितलं होतं. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचा निर्वाळा दिला. हे सगळं मी मावशींना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग झालं ना सिद्ध, दादा?"

आता आली का पंचाईत! ६७.१ ऐकून अंगावर काटा येतो, पण काय-स्क्वेअर विचारणार, कोणाच्या तुलनेत? समजा (आकडे माझ्या मनचे आहेत, हिशोबापुरते) माहुलच्या १०० घरांपैकी ६० घरांत दम्यासारखी तक्रार आहे आणि दूरच्या एखाद्या उपनगरात १०० पैकी ४५ घरांत. जागेचा काही संबंध नसता तर दोन्हीकडे साडेबावन्न अपेक्षित. प्रत्येक खान्यात प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक घ्या, वर्ग करा, अपेक्षिताने भागा, चारही खाने मिळवा. उत्तर येतं ४.५१. एक्सेलच्या काय-डिस्टला हा आकडा आणि डिग्री ऑफ फ्रीडम १ द्या, की पी येते साधारण ०.०३४.

ह्याचा अर्थ "हवा निर्दोष असण्याची शक्यता ३.४ टक्के" असा नाही! सगळे इथेच घसरतात. अर्थ एवढाच की जागेचा खरंच काही संबंध नसता, तरी निव्वळ नमुन्याच्या नशिबाने इतका किंवा याहून मोठा फरक शंभरातून तीन-साडेतीन वेळा दिसला असता. कार्ल पिअर्सनने १९०० साली ही चाचणी मांडली, ५ टक्क्यांची रेघ रूढ झाली ती फिशरच्या १९२५ च्या पुस्तकामुळे. रेघ सोयीची आहे, आकाशातून पडलेली नाही. आणि रेघ ओलांडली तरी कारण हवाच, की घरातली दाटी, की बिडी-सिगरेट, हे चाचणी सांगत नाही.

मला खरी भीती वाटते ती उलट्या बाजूची. तेच टक्के ठेवा, पण घरं फक्त वीस-वीस घ्या: १२ आणि ९. काय-स्क्वेअर ०.९ वर येतो, पी थेट ०.३४. टक्के तेच, तक्रारी त्याच, पण आता कोणीही टाय लावून सांगू शकतो, "लक्षणीय फरक आढळला नाही." वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर! फक्त ऐकणाऱ्याला वाटतं की फरक नाहीच. छोटा नमुना घेऊन मोठा प्रश्न मिटवायची ही युक्ती इतकी स्वस्त आहे की असे अहवाल वाचताना मी आधी टक्के नाही, किती घरं मोजली ते बघतो. (हजार-हजार घरं असती तर हाच काय-स्क्वेअर ४५ झाला असता, तिथे नशिबाचं नाव कोण घेणार?)

मावशींना मी शेवटी एवढंच म्हटलं की जास्त घरं मोजायला हवीत. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात पाच माणसं आहेत, पाचही खोकतात. पाच धरा की!" पण पाचही जण एकाच खिडकीतली हवा घेतात, एकाचं इन्फेक्शन दुसऱ्याला होतं. ती पाच स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत, आणि ह्या चाचणीला स्वतंत्रच लागतात. हिशोबात त्यांचं घर एकच. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.