साडेचार किलो पाला

आमच्या घरी चहाचे आधण दिवसातून चारदा तरी चढते. कृषी खात्यात माझी सारी नोकरी ऊस, सोयाबीन आणि डाळिंबाच्या बांधावर गेली. पण ज्या पिकाशिवाय आपली सकाळ होत नाही, ते कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. २०१८ च्या जूनमध्ये अभ्यासदौऱ्यावर आसामात जोरहाटला गेलो, तेव्हा तो योग आला.

तेथे टोकलाईला १९११ सालापासूनचे चहा संशोधन केंद्र आहे. ते पाहिलेच, पण मन रमले ते एका शेतकऱ्याच्या सहा बिघ्यांत, म्हणजे आपल्या दोन एकरांत. चहा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कंपन्यांचे मोठे मळे येतात. वाचकहो, आज देशातला जवळजवळ निम्मा चहा असल्या लहान बागांतून येतो.

चहाचे मुळात झाडच. मोकळे सोडले तर माणसाच्या डोक्यावरून जाईल. छाटून छाटून ते कमरेइतके सपाट राखतात. तुरीचे शेंडे खुडले की फुटवा वाढतो, तसलेच हे शास्त्र. हंगामात दर आठवड्याला खुडणी होते. दोन पाने आणि वरचा कोंब, एवढेच घ्यायचे. बायकांचे हात झरझर चालत होते, पण निबर पानाला बोट लागत नव्हते.

दुपारी दोनला पाला पिशव्यांत भरून रस्त्याकडेला आला, आणि गाडी येईना. खुडलेले पानही श्वास घेत असते. दाबून ठेवले की तापते, लाल पडते, मग त्याचा चांगला चहा होत नाही. तो शेतकरी पुन्हा पुन्हा पिशवीत हात घालून पाहत होता. शेवटी बायकोने चटई आणली आणि पाला सावलीत पसरला. मला माझे वडील आठवले. उन्हाळ्यात डेअरीची गाडी चुकली, की ते असेच किटलीचे झाकण उघडून दुधाचा वास घेत.

गाडी साडेचारला आली. पाला पावसाने ओला म्हणून वजनातून दहा टक्के घट धरली, आणि भाव दिला किलोला १७ रुपये. त्याने चिठ्ठी मुकाट्याने खिशात घातली. भांडून करणार काय? माल परत नेऊन ठेवता येत नाही.

पुढचे काम कारखान्याचे. पाला आधी कित्येक तास हवेवर मलूल करतात, मग दातेरी रुळांतून काढतात. ही सी.टी.सी. यंत्रे १९३० च्या सुमारास आसामातच निघाली. चुरडलेला पाला हवेने तांबूस होतो. याला तिकडे आंबवणे म्हणतात खरे, पण ते इडलीच्या पिठासारखे आंबणे नव्हे. चिरलेले वांगे काळे पडते ना, तसे. तासाभरात रंग आला की गरम हवेने वाळवतात. आपली दाणेदार पत्ती ती हीच. दुधातही कडक उतरते, म्हणून आपल्याकडे तिचाच खप.

एक किलो पत्तीला साधारण साडेचार किलो पाला लागतो. "तुमच्याकडे काय भाव?" त्याने मोडक्या हिंदीत विचारले. घरी ३६० रुपयांची येत होती, ते सांगितले. साडेचार सतरे साडेशहात्तर, मी मनात म्हटले. मधे मजुरी, इंधन, वाहतूक, लिलाव, व्यापारी हे सगळे असते, कळते मला. तरी त्याच्याकडे बघवेना.

मग त्याच्या बायकोने बिनदुधाचा लाल चहा आणि गुळाचा खडा आणून ठेवला. चहा फार छान होता. तुमच्याच बागेतला का, म्हणून विचारले, तर ती हसली.

"पाला सगळा कारखान्याला जातो. घरची पत्ती आम्हीही दुकानातूनच आणतो."