न भेटलेल्या माणसाचं देणं

मला ज्यांनी घडवलं त्यांची नावं आठवायला बसलो की व्यायामशाळेतले वस्ताद येतात, पहिलं नाटक देणारे सर येतात, घरची माणसं येतात. या सगळ्यांच्या मी पाया पडलो आहे आणि त्यांची बोलणीही खाल्ली आहेत. याच यादीत एक नाव असं आहे की त्या माणसाला मी कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, आणि मी कोण हे त्याला ठाऊक असण्याचं काहीच कारण नाही. जेसन ली. अमेरिकेतला सिनेमा-टीव्हीचा नट. नट होण्याआधी तो व्यावसायिक स्केटबोर्डर होता, आणि त्या खेळातली मुलं आजही त्याच्या जुन्या फिती पुन्हा पुन्हा लावून बघतात अशा तोडीचा होता. त्याचं माझ्यावर ऋण आहे. ते नेमकं कसलं, हे एकदा नीट लिहून काढायचं होतं.

मी मल्लखांबातून नाटकात आलो. आमच्या व्यायामशाळेतला खांब शिसवी होता. संध्याकाळी वस्ताद स्वतः त्याला एरंडेल चोळायचे आणि मग आम्ही एकेक जण वर चढायचो. अढी, तेढी, बगली, दसरंग ही आमची बाराखडी. मांडीच्या आतल्या बाजूला खांबाने घासून घासून पडलेले काळपट डाग माझ्या अंगावर अजून आहेत. या खेळात प्रत्येक पकडीचा शेवट ठसठशीत दाखवावा लागतो. अंग ताणलेलं, चवडे टोकदार, मान वर, आणि क्षणभर सगळं स्थिर. पंचांना ते दिसलं पाहिजे, त्यांनी नोंदलं पाहिजे, मग पुढची पकड. लहानपणापासून हे माझ्या हाडात मुरलं होतं.

नाटकात हेच आडवं आलं. सर म्हणायचे, "अरे, वाक्य संपलं की तू थांबतोस. समोर कुणी गुण द्यायला बसलंय असा उभा राहतोस." त्यांचं म्हणणं मला पटत होतं, पण त्यावरचा उपाय सापडत नव्हता. शरीराने शिकलेली गोष्ट विसर म्हटल्याने विसरता येत नाही. तिकडे व्यायामशाळेतले जुने सोबती भेटले की म्हणायचे, "खांब सोडलास आणि तोंडाला रंग लावायला निघालास होय?" दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी गत झाली होती.

त्या सुमारास माझा मावसभाऊ सुट्टीवर घरी आला. तो कॅलिफोर्नियात, ऑरेंज काउंटीत नोकरीला होता. बॅगेतून त्याने डीव्हीडींचा एक गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. "दादा, हा माणूस बघ. आमच्याच भागातला. आधी खेळाडू, मग नट. तुझ्या कामाचा आहे."

जेसन ली १९७० साली ऑरेंज काउंटीतल्या सँटा ॲनामध्ये जन्मला आणि जवळच्या हंटिंग्टन बीच या समुद्रकाठच्या शहरात वाढला. तो व्यावसायिक झाला त्या काळात, म्हणजे ऐंशीचं दशक सरताना, स्केटबोर्डिंगचं रूप बदलत होतं. मोठाल्या लाकडी उतारांवरचा खेळ रस्त्यावर उतरला होता. शाळेच्या पायऱ्या, कचेऱ्यांचे कठडे, बागेतली सिमेंटची बाकं, पार्किंगच्या जागा हेच मैदान झालं होतं. हा बदल घडवणाऱ्यांत मार्क गोन्झालेस अग्रभागी होता. त्याने 'ब्लाइंड' नावाची कंपनी काढली आणि आपल्या चमूत लीला घेतलं. १९९१ मध्ये या चमूची 'व्हिडिओ डेज' नावाची फीत आली. ती चित्रित करणारा आणि दिग्दर्शित करणारा तरुण छायाचित्रकार होता स्पाइक जोन्झ. पुढे 'बीइंग जॉन माल्कोविच' ज्याने केला, तोच हा. स्केटबोर्डिंगच्या जगात त्या फितीला आज मानाचं स्थान आहे.

गठ्ठ्यातली या फितीची डीव्हीडी मी आधी लावली. त्यात ली एक उडी मारतो, तिला थ्री-सिक्स्टी फ्लिप म्हणतात. मागच्या पायाने फळीचं शेपूट मागे ओढून खरवडायचं आणि त्याच क्षणी पुढच्या पायाने कडेला निसटता फटका द्यायचा. फळी हवेत स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेते आणि त्याच वेळी लांबीच्या अक्षावर कोलांटीही खाते. माणूस गुडघे पोटाशी घेऊन वर तरंगत असतो. फळीची खरखरीत बाजू पुन्हा वर आली की दोन्ही पायांनी ती हवेतच पकडायची आणि चार चाकांवर खाली यायचं. या सगळ्याला एक सेकंदही लागत नाही. ही उडी अनेकांनी मारली आहे, पण लीच्या उडीचं नाव आजही वेगळं काढलं जातं.

मी ती मल्लखांबाच्या डोळ्यांनी पाहिली. आमच्यात आधी हात बघतात, कारण अंगाला तोल सापडला नसेल तर हात चुगली करतात. लीचे हात सैल होते. खांदे खाली, बोटं मोकळी. मग फळी जमिनीवर आली, चाकांचा खडखड आवाज झाला, आणि तो पुढे निघून गेला. उडीचा शेवट असा त्याने केलाच नाही. वेग तोच, अंग तसंच सैल, नजर पुढच्या वळणावर. खेळणारा आपल्या कसबावर रेंगाळला नाही. सर मला जे शब्दांत सांगत होते ते त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांसमोर घडताना दिसलं. हा धडा मला नटाकडून मिळाला असता तर पटला नसता. तो एका खेळाडूच्या शरीराने दाखवला, म्हणून माझ्या शरीराला कळला.

मग त्याचे सिनेमे पाहिले. नव्वदीच्या सुरुवातीला त्याने क्रिस पॅस्ट्रासबरोबर 'स्टिरिओ' ही स्वतःची कंपनी काढली होती. पुढे काही वर्षांतच तो व्यावसायिक खेळातून बाहेर पडून अभिनयाकडे वळला. केव्हिन स्मिथने १९९५ च्या 'मॉलरॅट्स'मध्ये त्याला ब्रोडी ही मोठी भूमिका दिली. प्रेयसीने सोडून दिलेला, कॉमिक्समध्ये बुडालेला, दिवसभर मॉलमध्ये हिंडणारा, अखंड बडबडणारा तरुण. सिनेमा तिकीटबारीवर आपटला, पण व्हिडिओवर लोकांनी त्याला उचलून धरलं. ब्रोडीची वाक्यं लांबलचक आणि विनोद ठासून भरलेली. नवखा नट अशा वाक्यांच्या शेवटी हशासाठी जागा सोडतो. ली सोडत नाही. वाक्य टाकतो आणि पुढच्यावर जातो. ज्याला हसायचं आहे त्याने त्याच्या मागून धावायचं. मी ते पाहून उठून उभा राहिलो होतो, कारण ही तीच उडी होती. फळी गेली होती, रस्ता गेला होता, उडी तशीच होती.

दोन वर्षांनी आलेल्या स्मिथच्याच 'चेसिंग एमी'मधल्या बँकीच्या भूमिकेसाठी त्याला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला. कॅमेरॉन क्रोच्या 'ऑलमोस्ट फेमस'मध्ये (२०००) तो एका रॉक बँडचा गायक आहे. बँडचे नवे टी-शर्ट येतात. त्यांवर फक्त गिटारवादक स्पष्ट दिसतो, गायकासकट बाकीचे सगळे धूसर. त्यावरून हा गायक बिथरतो. आपण दिसलो नाही याचं दुःख लीने त्या प्रसंगात इतकं खरं केलं आहे की हसता हसता पोटात खड्डा पडतो. स्वतःच्या कसबावर कधी न रेंगाळलेल्या माणसाने, दिसण्यासाठी तडफडणारा माणूस उभा केला. 'द इन्क्रेडिबल्स' या ॲनिमेशनपटात (२००४) तर त्याचा फक्त आवाज आहे. खेळाडूचं शरीर पडद्यावर कुठेच नाही, तरी त्याच्या सिंड्रोम या पात्राच्या बोलण्यातले चढ-उतार, अचानक घेतलेली वळणं ऐकली की हा माणूस वेगात तोल सांभाळायला शिकलेला आहे हे समजतं.

गठ्ठ्यातली शेवटची मालिका होती 'माय नेम इज अर्ल'. २००५ ते २००९ या काळात ती एनबीसीवर चालली. ग्रेग गार्सियाने रचलेली. अर्ल हिकी हा भुरटा चोर. त्याला एक लाख डॉलरची लॉटरी लागते आणि आनंदात नाचतानाच त्याला गाडीची धडक बसते, तिकीट उडून जातं. हॉस्पिटलात पडल्या पडल्या टीव्हीवर तो कर्माबद्दल ऐकतो आणि आजवर केलेल्या वाईट गोष्टींची यादी करतो. २५९ कलमं. एकेक कलम निस्तरून त्यावर काट मारायची, हा त्याचा उद्योग. सोबत भाऊ रँडी. ते काम करणारा ईथन सप्ली दहा वर्षांपूर्वी 'मॉलरॅट्स'मध्येही लीबरोबर होता.

या मालिकेने मला आणखी एक गोष्ट दिली. अर्ल ज्यांच्या दारात जातो ते बहुतेक त्याला विसरलेले असतात, नाहीतर त्याचं तोंडही बघायला तयार नसतात. तो तरी जातो. माफी मागून सुटत नाही. समोरच्याचं जे नुकसान झालं ते भरून काढायला राबतो. कधी त्यात त्याचीच दमछाक होते. ली हे सगळं कुठेही रडवेपणा न आणता करतो. त्या भुरट्या चोराच्या चेहऱ्यावर एक साधी, हट्टी निष्ठा आहे. देणं आठवणं वेगळं आणि ते चुकतं करायला घराबाहेर पडणं वेगळं, हे मला त्या चेहऱ्याने शिकवलं.

आणि हे त्याने पडद्याबाहेरही केलेलं दिसतं. 'स्टिरिओ' मधल्या काळात बंद पडली होती. २००३ मध्ये, म्हणजे सिनेमात त्याचा जम बसलेला असताना, लीने पॅस्ट्रासबरोबर ती पुन्हा उभी केली. ज्या खेळाने त्याला हंटिंग्टन बीचच्या रस्त्यांवरून उचललं, गोन्झालेसच्या चमूत बसवलं, जोन्झच्या कॅमेऱ्यापुढे उभं केलं, त्याच्याशी त्याने नातं तोडलं नाही. पुढे तो छायाचित्रणातही तितकाच रमला. टेक्सासच्या डेंटन शहरात राहायला गेल्यावर त्याने मोठ्या आकाराच्या जुन्या पद्धतीच्या फिल्मवर तिथल्या ओसाड रस्त्यांची, बंद दुकानांची चित्रं टिपली. २०१८ मध्ये त्यांचं 'अ प्लेन व्ह्यू' हे पुस्तक आलं. त्या चित्रांतही काही ओरडून सांगितलेलं नाही. एक कसब सोडून दुसरं धरलं असं त्याच्या बाबतीत कधी झालं नाही. पहिलं तो पुढच्यात घेऊन गेला, आणि जिथून निघाला तिथे परतही येत राहिला.

त्याच्यामुळे माझ्या कामात काय बदललं ते सांगतो. मी अंगातला मल्लखांब पुसून टाकायची धडपड थांबवली. श्वास कुठे घ्यायचा, वजन कोणत्या पायावर टाकायचं, घाबरलेल्या अंगाला क्षणात सैल कसं सोडायचं, हे खांबाने शिकवलेलं सगळं रंगमंचावर नेलं. मागे ठेवली ती फक्त पंचांसाठी घेतलेली क्षणभराची स्थिरता. पुढच्या नाटकात सर प्रयोग संपल्यावर विंगेत आले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आज थांबला नाहीस."

अर्लसारखा मीही मग माझ्या देण्यांच्या मागे लागलो. पहिलं दार व्यायामशाळेचं होतं. वस्ताद थकले होते. मी म्हटलं, "संध्याकाळी मुलांना घेऊ का?" त्यांनी एरंडेलाची वाटी माझ्या हातात दिली. तेव्हापासून प्रयोग नसेल त्या संध्याकाळी मी तिथे असतो. मुलांना अढी शिकवतो, पकडीचा शेवट ठसठशीत करायला शिकवतो, कारण या खेळात तो हवाच. आमच्यातली एक मुलगी आता नृत्याकडे वळते आहे, एकाला सिनेमाचा कॅमेरा शिकायचा आहे. त्यांना कुणी "खांब सोडलास?" असं विचारलं तर उत्तर द्यायला मी उभा राहतो. त्यांनी काही सोडलेलं नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, आणि तसं सांगण्याचं बळ मला जेसन लीकडून आलं आहे. माझ्या यादीतलं त्याचं कलम मी असं, रोज थोडं थोडं, फेडतो आहे.