रिकामा खुंटा

१९७९ चा जुलै. पेरण्या उरकल्या होत्या आणि गावात एकच विषय होता, स्कायलॅब. अमेरिकेची ती अवकाश प्रयोगशाळा पडणार, एवढंच रेडिओ सांगायचा. उरलेलं गाव सांगायचं. पारावर कुणी म्हणे, आपल्याच शिवारात पडणार. कुणी म्हणे, आता साठवायचं कशाला, खाऊन घ्या. रोज कुणाच्या तरी घरी कोंबडं कापलं जाई.

अण्णा तसे धीराचे. पण चार रात्री त्यांचा डोळ्याला डोळा नव्हता. ओसरीवर बसून आभाळ बघत राहायचे. पाचव्या दिवशी त्यांनी आमची गाभण शेळी बाजारात पडेल भावानं विकली. माझ्या शाळेचा खर्च तिच्यावरच होता. येताना किलोभर जिलबी आणली. म्हणाले, "पोरांनी एकदा पोटभर खावी." आईला घास गिळेना.

११ जुलैच्या रात्री स्कायलॅब कोसळली. तुकडे पडले हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात. रेडिओवर ते ऐकलं तेव्हा अण्णा रिकाम्या खुंट्याजवळ बसले होते. आजी म्हणाली, "सांगणारा सांगून गेला रं. भ्यालास तू."

आता बातमी पारावर नाही, खिशातल्या मोबाईलवर येते. रात्री-अपरात्री कुणी पुढं ढकललेला मेसेज वाचला, की पोटात तसाच गोळा येतो. मग मी फोन उपडा ठेवतो आणि गोठ्यात चक्कर मारून येतो. जनावरं निवांत रवंथ करत असतात. तेवढं बघितलं, की झोप लागते.