छायाचित्रांची जबानी आणि अंतराळवीरांची घड्याळे

चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाचे जे चित्र साऱ्या जगाने त्याच्या पराक्रमासाठी डोळे भरून पाहिले, त्याच चित्रात त्याच्या मनगटावरचा पट्टा कसला होता, घड्याळाची तबकडी काळी होती की पांढरी आणि तिच्या कडेला बटणे किती होती, याचा शोध डोळ्याला भिंग लावून घेत बसणारी आम्हां घड्याळवाल्यांची जमात सामान्य वाचकाला काहीशी चमत्कारिक वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु या उद्योगाला सबळ कारण आहे. अंतराळवीरांच्या घड्याळांविषयी जे विपुल लेखन झाले आहे, त्यातील फार मोठा भाग घड्याळे विकणाऱ्यांच्या लेखणीतून उतरलेला आहे, आणि विकणाऱ्याच्या लेखणीला तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधण्याची खोड असते. एखादे घड्याळ सरकारने मंजूर केले होते, ही एक गोष्ट. ते प्रत्यक्षात कोणाच्या मनगटावर होते, ही दुसरी. आणि त्यावर विसंबून कोणी काही काम केले, ही तिसरी. पहिलीचा पुरावा दप्तरात सापडतो, दुसरीचा छायाचित्रात, आणि तिसरीचा बहुधा त्या माणसाच्या जबानीत. या तिन्हींची परस्परांशी रुजुवात घातल्याखेरीज कोणताही दावा कबूल करू नये, एवढाच काय तो आमच्या शास्त्राचा सारांश.

प्रथम दप्तराकडे वळू. १९६४ साली नासाच्या ह्यूस्टन येथील केंद्रातील जेम्स रेगन या अभियंत्याकडे अंतराळवीरांसाठी मनगटी क्रोनोग्राफ, म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचेही काम करणारे घड्याळ, निवडण्याची कामगिरी आली. चार कंपन्यांनी आपला माल पुढे केला. त्यांपैकी हॅमिल्टनने पाठवलेले घड्याळ खिशात ठेवण्याचे असल्याने ते आरंभीच बाद झाले. आणि रोलेक्स, लाँजिन्स-विटनॉर व ओमेगा या उरलेल्या तिघांच्या वाट्याला असा काही छळ आला की, घड्याळ दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या माणसाने ती यादी वाचताना मान फिरवावी. ७१ अंश सेल्सियस उष्णतेत ४८ तास आणि लगोलग ९३ अंशांत अर्धा तास. मग शून्याखाली १८ अंशांत ४ तास. ९५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत २४० तास. गुरुत्वाच्या ४० पट जोराचे धक्के सहा दिशांनी. १३० डेसिबलचा कल्लोळ. आणि शिवाय निर्वात, कंपन व प्रवेग. लाँजिन्सची काच उष्णतेने वाकून निसटली. रोलेक्स आर्द्रतेत बंद पडले आणि उष्णतेत त्याचा सेकंदकाटा वाकून इतर काट्यांत अडकला. ओमेगाचे स्पीडमास्टर टिकले. पण जाहिरातीत वाचायला मिळते तसे निष्कलंक मात्र नव्हे, कारण निर्वाताच्या कसोटीत ते २१ मिनिटे पुढे गेले, प्रवेगाच्या कसोटीत १५ मिनिटे मागे पडले, आणि तबकडीवरील अंधारात चमकणारा लेपही निकामी झाला. तरीही इतरांच्या मुकाबल्यात ते उजवे ठरले, आणि १ मार्च १९६५ रोजी त्याच्यावर मंजुरीचा शेरा पडला.

मात्र मंजुरीपूर्वी अंतराळात घड्याळे गेलीच नव्हती, असे कोणी समजू नये. स्पीडमास्टर हे मुळात १९५७ साली मोटारींच्या शर्यतींसाठी काढलेले घड्याळ. ते ३ ऑक्टोबर १९६२ रोजी वॉल्टर शिरा यांच्या मनगटावरून पृथ्वीला सहा प्रदक्षिणा घालून आले, तेव्हा ती शिरा यांची खाजगी चीज होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्कॉट कार्पेंटर यांनी ब्राइटलिंगचे एक घड्याळ नेले होते, त्याची तबकडी १२ ऐवजी २४ तासांची होती. कारण ज्या प्रवाशाला दर दीड तासाने सूर्योदय दिसतो, त्याला सकाळचे सात आणि रात्रीचे सात यांत भेद करायला दुसरे साधन उरत नाही. परतल्यावर समुद्राच्या पाण्याने ते निकामी झाले. तात्पर्य, सरकारी हुकुमाने वैमानिकांची सवय निर्माण केली नाही. वैमानिकांच्या सवयीच्या मागून हुकूम आला.

मंजुरीनंतर तीन महिन्यांनी, ३ जून १९६५ रोजी, जेमिनी ४ या यानातून एडवर्ड व्हाइट बाहेर पडले आणि निळ्या पृथ्वीच्या पार्श्वभूमीवर तरंगत असताना त्यांचे सहकारी जेम्स मॅक्डिव्हिट यांनी त्यांची छायाचित्रे घेतली. त्या छायाचित्रांत पोशाखाच्या बाहीवरून बांधलेले स्पीडमास्टर दिसते. आपले घड्याळ अंतराळात पोहोचल्याची वार्ता खुद्द कंपनीला या छायाचित्रांतूनच कळली, असे सांगितले जाते. दप्तर आणि छायाचित्र यांची येथे पहिल्यांदा गाठ पडली. घड्याळ बाहीवरून का, असे पुष्कळ जण विचारतात. आतील हवेच्या दाबाने फुगणाऱ्या पोशाखाखाली गेलेले घड्याळ वाचता येणे शक्य नव्हते, म्हणून व्हेलक्रोचा लांबलचक पट्टा करून ते बाहेर बांधीत. आणि त्याची काच खऱ्या काचेची नसून ॲक्रिलिकची असे, कारण खरी काच फुटली तर तिच्या अणकुचीदार कपच्या वजनरहित कोठडीत माणसाच्या डोळ्यांपुढे तरंगत राहिल्या असत्या.

आता एक छायाचित्र जवळून पाहू. नासाच्या संग्रहात त्याचा क्रमांक एएस ११-४०-५९०३ असा आहे. म्हणजे अपोलो ११ या मोहिमेतील, ४० क्रमांकाच्या फिल्मपेटीतील ५९०३ वी चौकट. चंद्रभूमीवर उभे असलेले एडविन ऑल्ड्रिन, आणि त्यांच्या शिरस्त्राणाच्या सोनेरी पडद्यात उलट दिसणारे छायाचित्रकार नील आर्मस्ट्राँग, असे हे जगप्रसिद्ध चित्र. हॅसलब्लाडच्या त्या कॅमेऱ्याला ६० मिलिमीटरचे भिंग होते आणि फिल्म ७० मिलिमीटर रुंदीची. स्पीडमास्टरचा व्यास सुमारे ४२ मिलिमीटर. हिशेबासाठी असे धरा की माणूस कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर उभा आहे. तर मूळ फिल्मवर घड्याळाची प्रतिमा ०.८४ मिलिमीटर उतरते, म्हणजे जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी. एवढ्या जागेत तबकडीचा काळेपणा, कड्याची चमक आणि पट्ट्याची ठेवण यांचा अदमास बांधता येतो. परंतु काटे वाचून वेळ सांगण्याचा जो आव कित्येक लेखक आणतात, त्याला त्या फिल्ममध्ये आधार सापडणे कठीण.

तपासणीची आणखी एक रीत सांगण्याजोगी आहे. जुन्या मासिकांतून आणि पुस्तकांतून ही छायाचित्रे अनेकदा आरशातल्यासारखी उलटी छापली गेली आहेत, आणि मग डाव्या मनगटावरचे घड्याळ उजवीकडे जाऊन बसते. अशा वेळी घड्याळच निवाडा करते : सरळ तबकडीत चावी व दोन्ही बटणे उजव्या अंगाला असतात, आणि सतत फिरणारा लहान सेकंदकाटा डाव्या छोट्या वर्तुळात. एवढे जरी दिसले, तरी चित्र सुलट आहे की उलट हे सांगता येते. ऑल्ड्रिन यांच्या छायाचित्रात डाव्या हातमोज्याच्या मनगटाशी कामांची यादी शिवलेली आहे आणि घड्याळ उजव्या मनगटावर आहे. ऑल्ड्रिन यांनी स्वतःही उजव्या मनगटाचेच नाव घेतले आहे, तेव्हा येथे चित्र आणि जबानी एकमेकांस दुजोरा देतात.

आर्मस्ट्राँग यांच्या बाबतीत मात्र प्रकार निराळा. त्यांनाही तेच मंजूर घड्याळ दिलेले होते. परंतु चांद्रयानातील विद्युत् कालमापक बिघडल्यामुळे त्याची उणीव भरून काढायला त्यांनी आपले घड्याळ आतच ठेवले आणि ते बाहेर पडले. चंद्रावर पाऊल ठेवणारा पहिला मनुष्य घड्याळाविना उतरला, आणि चंद्रभूमीवर फिरलेले पहिले मनगटी घड्याळ हे दुसऱ्या मनुष्याचे होते. पहिले पाऊल पडले त्या क्षणी ह्यूस्टनच्या घड्याळांत २० जुलै १९६९ च्या रात्रीचे ९ वाजून ५६ मिनिटे झाली होती, आणि आपल्याकडे २१ तारखेची सकाळ उजाडून ८ वाजून २६ मिनिटे. चंद्रावर हिंडताना ह्यूस्टनची वेळ कळण्याची आपल्याला फारशी निकड नव्हती, अशा आशयाचे ऑल्ड्रिन यांनी पुढे लिहिले. तरी त्यांनी ते बांधले, ते घड्याळाच्या आवडीपोटी. जाहिरातीत ही आवड ‘गरज’ होऊन बसते.

खरी गरज पडली ती एप्रिल १९७० मध्ये, अपोलो १३ वर, आणि तिचे छायाचित्र नाही. ऑक्सिजनच्या टाकीच्या स्फोटानंतर वीज वाचवण्यासाठी संगणक बंद केलेला, आणि परतीची वाट सुधारण्यासाठी इंजिन बरोबर १४ सेकंद चालवणे भाग होते. ते १४ सेकंद जॅक स्विगर्ट यांनी मनगटावरच्या स्पीडमास्टरवर मोजले. येथे मंजुरी आहे, जबानी आहे; चित्राचे खाते तेवढे कोरे आहे. कोरे खाते हे अविश्वासाला कारण नव्हे, कारण ज्या घटकेला घड्याळाचे मोल सर्वांत अधिक असते, त्या घटकेला कॅमेरा हाती धरण्याची फुरसत कोणाला असणार?

याच्या नेमके उलटे उदाहरण अपोलो १५ चे. डेव्हिड स्कॉट यांच्या मंजूर घड्याळाची काच दुसऱ्या चांद्रफेरीनंतर निखळलेली आढळली. प्रयोगशाळेत प्रतिस्पर्ध्याची जी गत झाली होती, ती विजेत्याचीही चंद्रावर झाली. मग २ ऑगस्ट १९७१ रोजी तिसऱ्या फेरीला त्यांनी आपल्या सामानातील खाजगी बुलोव्हा क्रोनोग्राफ बांधले. मंजुरीच्या यादीत नसलेले हे घड्याळ २०१५ साली लिलावात १६ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले.

छायाचित्राने इतिहासाची नोंद दुरुस्त केल्याचा सर्वांत सुंदर दाखला मात्र विल्यम पोग यांचा. अंतराळात गेलेले पहिले ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे, क्रोनोग्राफ कोणते, या प्रश्नाला दीर्घ काळ असे उत्तर दिले जाई की, १९८५ साली जर्मन अंतराळवीर राइनहार्ड फुरर यांनी नेलेले झिन. परंतु स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाच्या अखेरच्या मोहिमेतील, म्हणजे नोव्हेंबर १९७३ ते फेब्रुवारी १९७४ या ८४ दिवसांतील, छायाचित्रांत पोग यांच्या मनगटावर पिवळ्या तबकडीचे एक घड्याळ संग्राहकांना दिसले. ते जपानी सायको निघाले, आणि पोग यांनी स्वतः त्याला दुजोरा दिला. ते त्यांनी आपल्या पैशांनी घेतले होते आणि मंजुरीविना नेले होते. वजनरहित अवस्थेत ऑटोमॅटिक घड्याळाला चावी कशी बसणार, अशी शंका आजही शिकलेल्या माणसांकडून ऐकू येते. तिचे उत्तर असे की, आतील अर्धचंद्राकृती वजन गुरुत्वाच्या ओढीवरच फिरते असे नाही. मनगट वळले की डबी वळते आणि ते वजन स्वतःच्या जडत्वाने मागे राहते. या दोहोंतील फरकावर स्प्रिंग गुंडाळली जाते, आणि जडत्व पृथ्वीवर सोडून जाता येत नाही.

आता शेवटचा तपशील, आणि तो छायाचित्राच्या कैवाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आर्मस्ट्राँग यांचे घड्याळ आहे, जे चंद्रभूमीवर उतरलेच नाही. आणि जे उतरले, ते ऑल्ड्रिन यांचे, त्याच संग्रहालयाकडे पाठवले जात असताना वाटेत गहाळ झाले, ते आजतागायत मिळालेले नाही. उद्या कोणी जुने स्पीडमास्टर पुढे करून ‘हेच ते’ म्हणाला, तर जगातील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र त्याचा निकाल लावू शकणार नाही. कारण चित्र फार तर घड्याळाची जात सांगेल, व्यक्ती सांगणार नाही. निकाल लागेल तो घड्याळ उघडून यंत्रावर कोरलेला क्रमांक पाहिल्यावर, आणि सामान देताघेताना कोणा कारकुनाने वहीत जो क्रमांक टिपला असेल त्याच्याशी तो पडताळल्यावर. म्हणून माझ्याकडे अशा घड्याळाची पारख करून घ्यायला कोणी आला आणि त्याने प्रथम छायाचित्र पुढे केले, तर ते मी आवडीने पाहतो; पण मागतो ती आधी वही.